कडकभाऊंना सगळं दिसतं

कडकभाऊंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. त्यांनी इस्त्री केलेल्या शर्टाची कॉलर दिवसभर घाम पिऊनही मान टाकत नाही, अशी ख्याती होती, म्हणून ते कडक. तोंडानंही कडकच. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, "इतकी घाई असेल तर चुरगळलेलाच घाला. फॅशन म्हणून खपून जाईल." त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणे. गोष्ट भाऊंची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातलं ओझं वाहिलं वहिनींनी, तेव्हा ती त्यांच्या बाजूनंच सांगायला हवी.

भाऊंना दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं, आणि शेवटी दिवस आहे की रात्र एवढंच काय ते उरलं. हे घरातल्या दोघांखेरीज कुणाला माहीत नाही, असं त्या दोघांचं मत होतं. सुरुवातीला हे झाकलं ते धंद्यासाठी. आंधळ्या इस्त्रीवाल्याच्या हाती आपली नवीकोरी पँट कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे झाकायची सवय लागली, आणि सवय एकदा अंगात मुरली की ती कशासाठी लागली होती हे माणूस विसरतो.

सोय सगळी वहिनींनी केलेली होती. दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे वेगवेगळ्या गाठोड्यांत बांधायचे, प्रत्येक गाठोड्याची गाठ निराळी. इस्त्री तापली की नाही हे भाऊ तिच्यावर पाण्याचा थेंब उडवून कानानं ओळखायचे, आणि सुती की रेशमी हे बोटांना विचारायचे. रस्त्यानं जाताना वहिनी अर्धं पाऊल पुढे चालायच्या आणि अखंड बोलायच्या. "अगबाई, पायरी किती झिजलीय ही!" म्हटलं की भाऊ पाऊल उचलायचे. "सुतारमामा, आज इकडं कुठं?" म्हटलं की भाऊ लगेच, "काय मामा, रंधा काय म्हणतोय?" वहिनी फार बडबड्या आहेत अशी त्यांची अपकीर्ती झाली. माहेरी त्या घुम्या म्हणून प्रसिद्ध होत्या, पण हे सांगणार कुणाला?

घराचंही तेच. खोली एकच आणि मागे मोरी. खाट खिडकीखाली, खाटेच्या पायथ्याशी ट्रंक, दाराच्या उजव्या हाताला स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या. सण असो, पाहुणे येवोत, एकही वस्तू बोटभर सरकायची नाही. लेक लग्नाआधी एकदा खाट फिरवून पाहू म्हणाली, तर आयुष्यात कधी न ओरडलेली आई तिच्यावर ओरडली होती.

दुकान बंद पडलं ते एका पेनामुळे. हॉटेलातल्या वाढप्यांचे पांढरे शर्ट इस्त्रीला यायचे, त्यातल्या एकाच्या खिशात पेन राहिलं. ते फुटलं, शाई इस्त्रीच्या बुडाला लागली, आणि भाऊंनी मोठ्या निगुतीनं सबंध चळत निळी करून ठेवली. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या होत्या. शाईला स्पर्शही नसतो आणि तापल्यावर वासही फारसा नसतो, असं भाऊ नंतर पुष्कळदा म्हणाले. हॉटेलवाल्यानं भरपाई मागितली नाही, फक्त कपडे द्यायचे थांबवले. बाकीचे कशामुळे थांबले ते कळलं नाही. वर्षाच्या आत दुकानाची किल्ली मालकाला परत गेली.

वहिनी दोन घरी स्वयंपाक करत होत्या, त्यात पोट भरत होतं, भाडं निघत नव्हतं. लेक म्हणाली, इकडं या. जावई भला माणूस, तोही म्हणाला, इकडं या. पण त्यांच्या दोन खोल्यांत जावयाची आई होती, दोन पोरं होती, आणि भाऊंना तिथली मोरी कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. वहिनींना स्वच्छ दिसत होतं की त्या घरात भाऊ पहिल्याच दिवशी आंधळे होतील, आणि मग जन्मभर एका कोपऱ्यात बसून राहतील. म्हणून जेव्हा त्या जिथे स्वयंपाकाला जात त्या घरच्या आजींनी सांगितलं की कमी उत्पन्नाच्या अंध माणसाला सरकार दरमहा पैसे देतं, तेव्हा वहिनींनी तो धागा घट्ट धरला. ती मदत मिळाली तर खोली राहणार होती. नाही मिळाली तर जावयाचं घर.

"सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही," त्या भाऊंना म्हणाल्या. "अर्ज करायचा."

"कर," भाऊ म्हणाले. "मी काही बोलणार नाही."

बोलले नसते तर बरं झालं असतं. कचेरीत अंध अर्जदारांसाठीच्या सूचना भिंतीवर बारीक अक्षरात लावलेल्या होत्या. खिडकीवरच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "अंध कोण?"

"मी नुसता सोबत आलोय," भाऊ म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला. कारकुनानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग सहीची वेळ आली. वहिनींनी भाऊंचं बोट नेमक्या जागी टेकवलं, आणि भाऊंनी लफ्फेदार, खाली दुहेरी रेघ ओढलेली सही ठोकली. "सही तर झकास येते," कारकून म्हणाला. अंगठा उठवायची शाईची पेटी त्यानं अर्धी उघडलेली होती, ती पुन्हा बंद केली.

दवाखान्यात त्याहून वाईट झालं. डोळे तपासायच्या खोलीबाहेर बाकावर बसायला लागलं, आणि दार उघडंच होतं. आत एकामागून एक माणसं तक्त्यावरची अक्षरं वाचत होती. भाऊंची पाळी आली तेव्हा मदतनीस मुलीनं त्यांना खुर्चीवर बसवून विचारलं, "कुठपर्यंत दिसतंय?" भाऊंनी घसा खाकरला आणि वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. शेवटची ओळ जरा चाचरत म्हटली, म्हणजे खरं वाटावं.

मुलीनं लिहून टाकलं, नजर उत्तम. नशीब एवढंच की पुढे डॉक्टर होते आणि त्यांनी यंत्रातून आत पाहिलं.

"आजोबा, तुमची नस पार वाळून गेलीय. तुम्ही शेवटची ओळ कशी वाचलीत?"

"सवयीनं," भाऊ म्हणाले.

डॉक्टर आधी हसले आणि मग हसायचे थांबले. दाखला त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला आंधळेपणाची मदत हवीय की नजरेचं बक्षीस?" बसमध्ये चढताना, कंडक्टरनं हात पुढे केलेला कळताच, भाऊंनी तो न धरता दांडीच पकडली.

आता राहिली होती घरभेट. कागद खरे आहेत का, माणूस कसा राहतो, हे बघायला कचेरीतून कुणीतरी येणार होतं. निरोप आल्यावर वहिनींनी जे त्यांच्या जागी कुणीही केलं असतं तेच केलं: घर लख्ख आवरलं. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी आहे ना हे दोनदा बघितलं. भाऊंना धुतलेला, त्यांनीच इस्त्री केलेला सदरा घातला.

तपासनीस बाई स्कूटरवरून आल्या. तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, बोलण्यात नीटनेटक्या. त्यांनी कडी वाजवायच्या आत भाऊंनी दार उघडलं. "या मॅडम. गाडी तिकडं बेकरीच्या भिंतीला लावलीत ते बरं केलंत, तिथं सावली असते." बाईंना खाटेवर बसवलं. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, काठोकाठ, थेंब सांडला नाही. भिंतीकडे बोट करून म्हणाले, "ही आमची लेक. तिच्या लग्नातला फोटो." बोट फोटोच्या बरोब्बर मधोमध होतं. वहिनी चहाचं आधण ठेवता ठेवता हे बघत होत्या आणि खोटं कशाला सांगा, त्यांना अभिमान वाटला. अभिमान वाटून झाल्यावर मग आठवलं की आज दिसायला नको होतं.

तपासनीस बाईंनीही ते पाहिलं असावं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि एक अक्षर न बोलता भाऊंच्या समोर धरला. भाऊ हसतमुखानं त्यांच्या कपाळाच्या दिशेनं पाहत राहिले. कागद हवेत तसाच. एक क्षण, दोन क्षण. आणि तेवढ्यात वहिनींनी चुलीपासून झेप घेतली, "द्या इकडं," म्हणून तो मधल्यामध्ये पकडला. इतकी वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. हात आपोआप गेला. कागद हातात आल्यावर त्यांना कळलं की आपण काय केलं.

बाई उठल्या. जाता जाता समोरच्या बेकरीवाल्यापाशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, समोरच्या काकांना दिसतं का हो? बेकरीवाला थोराड, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजाचा. तो म्हणाला, "कडकभाऊंना? अहो, समोरच्या भिंतीवर मुंगी चालली तरी सांगतील!"

बाई परत दाराशी आल्या. "काकू, दाखला एक म्हणतो आणि मी वेगळंच बघतेय. शेजारीपण वेगळं सांगतायत. मी जे बघितलं तेच लिहिणार. शंका आहे असं लिहिते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. तेव्हा मात्र मला काहीतरी एक लिहावं लागेल." बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर तेव्हाच लिहून मोकळ्या झाल्या असत्या.

वहिनी तशाच बेकरीत गेल्या. "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"त्यांनीच विचारलं ना!" बेकरीवाला गडबडला. "सरकारी बाई, हातात कागद. मला वाटलं भाऊंच्या मागं काहीतरी लचांड लागतंय. म्हणून मी आपलं नेहमीचं सांगितलं."

"नेहमीचं म्हणजे?"

बेकरीवाल्यानं पिठाचे हात पुसले, पुन्हा पुसले. "वहिनी, आता तुम्हाला काय सांगायचं. आम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांनाच. भाऊ निघाले की पोरं चेंडू थांबवतात. सायकली कुणी आडव्या लावत नाही. सुतार बघा, भाऊ दिसले की लांबून खोकतो. त्याला खोकला नाहीये. गल्लीत कुणी परका विचारायला आला, तर भाऊंना दिसतं म्हणायचं, असं ठरलेलंच आहे."

"कधीपासून?"

"दुकान होतं तेव्हापासून. इस्त्रीत तुटली म्हणून माझ्या सदऱ्याला एकदा भलत्याच रंगाची बटणं लावून आली होती, तेव्हापासून तर नक्कीच."

वहिनी मैद्याच्या पोत्यावर बसल्या. त्यांना आधी शरम वाटली, मग हसू आलं, मग रडू आलं, आणि सगळं एकदमच आलं म्हणून त्या नुसत्याच बसून राहिल्या. मूठ आपण झाकली असं त्या समजत होत्या. सबंध गल्लीनं तिच्यावरून हात धरलेला होता.

"मी सांगतो त्या बाईंना खरं काय ते," बेकरीवाला म्हणाला. "फक्त भाऊंच्या तोंडावर नको."

"आता उलटं सांगितलंत तर म्हणतील, पढवून ठेवलंय." वहिनी उठल्या. "आणि ह्यांना यातलं कळता कामा नये. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, हे."

घरी येऊन त्यांनी भाऊंना समजावलं. बाई आल्या की थोडं चाचपडायचं. पाणी जरा सांडायचं. एवढंच. भाऊ म्हणाले, करून बघतो. त्यांनी तांब्या उचलला, पेल्यात धार धरली, आणि पेला भरत आल्याचा आवाज होताच मनगट आपसूक वर झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग हात पुढे पसरून चालून पाहिलं, तर ते इतकं खोटं दिसलं की वहिनींनाच हसू आवरेना. दिसण्याचं सोंग त्यांनी इतकं उत्तम वठवलं होतं की न दिसण्याचं काही केल्या जमेना.

"नाही होत माझ्याच्यानं," भाऊ म्हणाले. "काही नाही तर जाऊ लेकीकडं."

ते हे सहज म्हणाल्यासारखं म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या भिंतींवरून एकदा हात फिरवताना वहिनींनी त्यांना पाहिलं.

ठरल्या दिवशी सकाळी भाऊ मोरीत आंघोळीला गेले. पाण्याचा आवाज सुरू झाला तशा वहिनी उठल्या. आधी स्टूल उचललं आणि दाराच्या वाटेवर मधोमध ठेवलं. मग ट्रंक ओढली. तिचा खरखराट होऊ नये म्हणून खाली फडकं घातलं. खाट खिडकीखालून काढून आडवी लावली. तांब्या डावीकडे, खाली जमिनीवर. बारकं काम होतं, पण दर वस्तूला त्या मोरीच्या दाराकडे एकदा बघून घेत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी खोलीकडे पाहिलं. त्यांनाच ती ओळखू येईना.

भाऊ कपडे करून बाहेर आले. त्याच वेळी गल्लीत स्कूटर थांबली. "आल्या वाटतं," म्हणत भाऊ नेहमीच्या ऐटीत दाराकडे निघाले. वहिनींच्या ओठांवर आलं होतं, अगबाई, ट्रंक किती पुढे आलीय! त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

नडगी ट्रंकेच्या कडेवर आपटली. भाऊ पुढे झेपावले, खाटेचा आधार घ्यायला हात टाकला, तिथे खाट नव्हती. ते स्टुलासकट खाली आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आवाज ऐकून तपासनीस बाई ते ढकलून आत आल्या. त्यांच्यामागे, पावाची टोपली तशीच डोक्यावर घेऊन धावत आलेला बेकरीवाला दारात थबकला.

"पाय घसरला," भाऊ लगेच म्हणाले. सवय ती सवय. हसले सुद्धा. मग उठायला म्हणून त्यांनी उजवीकडे चाचपलं, काही सापडलं नाही. डावीकडे चाचपलं, तांब्या कलंडला. पाणी मांडीखालून वाहत गेलं. भाऊंचा हात त्या ओल्या जमिनीवरून इकडे तिकडे फिरला आणि थांबला.

"अगं, मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी तोंडावरचा हात काढला नाही. मग भाऊ पाण्यात बसूनच, ज्या बाजूनं उजेडाची ऊब येत होती तिकडे तोंड करून म्हणाले, "मॅडम, मला दिसत नाही. अजिबात दिसत नाही."

हे वाक्य त्यांनी बायकोसमोरसुद्धा कधी उच्चारलेलं नव्हतं.

बाईंनी उभ्या उभ्याच लिहिलं. लिहून झाल्यावर वहिनींना हळू आवाजात म्हणाल्या की मंजुरीला अडचण येणार नाही, बँकेचं पासबुक तेवढं कचेरीत आणून दाखवा. भाऊंना म्हणाल्या, "येते काका," आणि ते बघणार नाहीत हे माहीत असून त्यांनी मान लववली. स्कूटर गेली.

वहिनी खाली बसून भाऊंची नडगी पुसू लागल्या. रक्त थोडंच होतं.

"तूच ना?" भाऊ म्हणाले.

"मीच."

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाठ केलं असतं."

बेकरीवाला अजून दारातच होता, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, डोळे भरलेले आणि श्वास रोखलेला. वहिनींनी त्याला मानेनं खुणावलं, जा.

"दारात कुणी होतं का गं? मी पडलो तेव्हा?"

"कुणी नाही."

"पावाचा वास येतोय."

"वारा तिकडून आहे."

"असेल," भाऊ म्हणाले. ओला सदरा त्यांनी पाठीपासून सोडवला, कॉलर सारखी केली, आणि दाराकडे तोंड न वळवता, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "वाऱ्याला म्हणावं, आलाच आहेस तर दोन पाव ठेवून जा."